आधी ताकद वाढवा, थांबायचं बघू नंतर

गेल्या रविवारी एका मित्राच्या स्पोर्ट्सकारमध्ये त्याच्या शेजारी बसून डोंगर उतरलो. खाली पोचलो तेव्हा माझा उजवा पाय भरून आला होता, कारण माझ्या बाजूला नसलेला ब्रेक मी अख्खा उतार दाबत होतो. तिथे जे ज्ञान मिळालं ते एकट्याने ठेवून घेणं बरं नव्हे. तुम्हीही रोजच्या रस्त्यावरची स्पोर्ट्सकार ‘बनवायला’ काढली असेल, तर लिहून घ्या.

सल्ला जरूर विचारा. जाणकाराला तीनदा फोन करा. फक्त सामानाची ऑर्डर त्याआधी देऊन ठेवा, म्हणजे सल्ल्याने मन विचलित होत नाही.

सुरुवात आवाजापासून करावी. सायलेन्सर काढून मोठ्या तोंडाचा पाइप लावला की गाडी आपोआप वेगवान होते, निदान आत बसलेल्याला तरी तसं वाटतं. पहाटे पाचला गाडी सुरू कराल तेव्हा शेजारीपाजारीही तुमच्या आनंदात सहभागी होतील.

मग एअर फिल्टर. कंपनीने दिलेला डबा बाहेरची गार हवा ओढतो, पण तो दिसायला अगदीच काळा आणि कंटाळवाणा. तो फेका आणि लाल उघडा फिल्टर थेट इंजिनाच्या कुशीत बसवा, म्हणजे इंजिनाला स्वतःचीच गरम हवा मिळेल. गरम हवा विरळ असते, ताकद उलट घटते. पण सुस्कारा काय सुंदर ऐकू येतो!

जर्मनीतल्या नूर्बुर्गरिंग या रेसट्रॅकच्या नकाशाचा स्टिकर काचेला हवाच. 20.8 किलोमीटरचा तो ट्रॅक तुमच्या गाडीने पाहिला असलाच पाहिजे असं थोडंच आहे?

रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलणं, करताना एकच गोष्ट विचारा: आकडा किती? हवा दाबून भरणाऱ्या टर्बो इंजिनात लॅपटॉप जोडून तासाभरात भरपूर घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, वाढवता येतात. वाढलेला टॉर्क क्लचला झेपेल का, टाकीतल्या पेट्रोलचं ऑक्टेन पुरेल का, नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचे अवेळी स्फोट, सुरू झालं तर पिस्टनचं काय होईल, असले प्रश्न अपशकुनी माणसं विचारतात. तुमचं इंजिन बिनटर्बोचं असेल तरी रीमॅप कराच. पाच-दहा घोडे मिळतील, पण सांगताना पन्नास सांगायचे.

गाडी खाली बसवा. इतकी, की गतिरोधक दिसला की तिरपी घ्यावी लागेल आणि तरीही तळाचं ऑइल चेंबर घासेल. स्प्रिंग कापून घेतली तर उत्तम. मग प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर जाऊन आदळतं आणि चाक रस्ता सोडून उडतं. याला ‘स्टिफ हँडलिंग’ म्हणतात. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करू नका. टायर आतल्या कडेने झिजतात, वरून कुणाला दिसत नाहीत.

आणि हो, ब्रेक. कॅलिपरला, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड आवळणाऱ्या चिमट्याला, लाल रंग द्या. झालं.

माझ्या मित्राने तर भोकं पाडलेल्या डिस्कही लावल्या होत्या. छानच दिसत होत्या. पण तिसऱ्या वळणाला पेडल मऊ पडलं आणि पाचव्याला पार तळाला गेलं. गिअर पाडत, हँडब्रेक ओढत कशीबशी गाडी कडेला घेतली, तेव्हा पुढच्या चाकांमधून धूर येत होता आणि जळक्या पॅडचा वास नाकात बसला होता. बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइल काळपट तपकिरी. कधी बदललं होतंस? “ते बदलावं लागतं?” असं त्याने मलाच विचारलं. नवं ‘डॉट 4’ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतली ओल शोषून ते जुनं झालं की हाच आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबलं की आधी ते बुडबुडे दबतात. म्हणून तर ते दर दोन वर्षांनी बदलायचं! मग वाकून टायर पाहिला. नक्षी झकास, पण कडेवरचे चार आकडे 2316, म्हणजे 2016 सालचा 23वा आठवडा. रबर इतकं टणक, की नख रुतेना. चार तळव्यांएवढी जागा रस्त्याला टेकलेली असते, बाकी सगळी गाडी हवेतच! ती चार तळव्यांची जागा लाकडाची आणि वर सत्तर घोडे जास्तीचे?

मित्रा, शंभरच्या ऐवजी एकशेचाळीसने आलास तर गाडीतली ऊर्जा जवळपास दुप्पट होते, आणि ती सगळी त्याच डिस्कनी पचवायची असते. हे तुला रीमॅपवाल्याने सांगितलं नाही, कारण तू विचारलंच नाहीस. मी सांगितलं होतं. तीनदा.

त्या पाचव्या वळणावर एक सायकलवाला होता रे. त्याच्याच लेनमध्ये, कडेने, मान खाली घालून चढत होता. हातभर अंतरावरून गेलो आपण. तुझी हौस तुझ्यापाशी, पण तो माणूस तुझ्या प्रयोगात सामील झाला नव्हता. आणि परवा तुझा फोन काय, तर मागचा पंख कार्बन फायबरचा घेऊ का? लाज वाटत नाही? ज्या वेगाला त्या पंखाचा उपयोग होतो, त्या वेगाला तू रस्त्यावर असताच कामा नयेस.

टायर, पॅड, ब्रेक ऑइल, अलाइनमेंट. या चार गोष्टी कर. तोवर मला ‘चल, एक चक्कर मारू’ म्हणू नकोस.