एक तगडा राउटर घेतला की झालं? नाही हो

को-वर्किंग, म्हणजे भाड्याने सीट देणारी शेअर्ड ऑफिसं, चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. थोडक्यात असा: आठ अँटेनावाला गेमिंग राउटर मधोमध ठेवा, पॉवर फुल करा, कोपऱ्यात रेंज नसेल तर एक्स्टेंडर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) लावा, मोठ्यातला मोठा प्लॅन घ्या आणि वायफायचं नाव हाईड करा म्हणजे सेफ. मी पुण्यात ३५ सीटच्या एका जागेचं नेट बघतो, यातलं बरंचसं करून पाहिलंय आणि लोकांचे क्लायंट कॉल तुटताना पाहिलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी राउटर. बॉक्सवरचा ११००० वगैरे आकडा सगळ्या बँडच्या (२.४, ५ गिगाहर्ट्झ वगैरे पट्ट्यांच्या) स्पीडची कागदावरची बेरीज असते, एका लॅपटॉपला त्यातला छोटा तुकडाच मिळतो. आणि वायफायमध्ये एका चॅनेलवर (बँडमधल्या एका लेनवर म्हणा) एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. ३५ माणसं म्हणजे लॅपटॉप आणि फोन धरून ७० डिव्हाइस, अँटेना कितीही असू देत, रांग तीच. त्यापेक्षा सीलिंगला लावायचे साधे तीन अॅक्सेस पॉइंट (वायरने राउटरला जोडलेले, वायफाय देणारे डबे) घ्या, तिघांना वेगवेगळे चॅनेल द्या. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ हे तीनच एकमेकांत न घुसणारे, त्यामुळे भर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, तिथे भारतात २०१८ पासून चॅनेलना जागाही वाढलीये, फक्त चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ नको, २० किंवा ४० ठेवा.

पॉवर फुल करायचा सल्ला तर मला सगळ्यात घातक वाटतो. राउटर जोरात ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच बारीक राहतो ना, म्हणजे दांड्या फुल दिसतात आणि तुमचं बोलणं समोरच्याला तुटक ऐकू जातं. शिवाय कुठल्या अॅक्सेस पॉइंटला चिकटायचं हे शेवटी डिव्हाइस ठरवतं, लांबचा सिग्नल बरा दिसला की ते जवळचा सोडून तिथेच लटकून राहतं. पॉवर कमी करा, २.४ ची तर अजून कमी.

एक्स्टेंडरचं काय होतं, तर साधा एक्स्टेंडर ऐकतो त्याच चॅनेलवर आणि तेच परत बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्टीला हवेतला वेळ दुप्पट, स्पीड साधारण निम्मा, आणि हा भुर्दंड त्या कोपऱ्यातल्याला एकट्यालाच नाही, त्या चॅनेलवरच्या सगळ्यांना. वायर ओढा. कॅट सिक्स नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते, पीओई स्विच (नेटच्या वायरमधून वीजही देणारा डबा) असला की त्याच वायरमधून करंटही जातो, वेगळा प्लग पॉइंट लागत नाही. घरमालक ड्रिल मारू देत नसेल तर भिंतीच्या कडेने पट्टी मारून न्या, दिसायला थोडं वाईट दिसेल, पण कॉल तुटणार नाहीत. फर्निचर व्हायच्या आधी हे करून घेतलं तर फारच बरं, नंतर फॉल्स सीलिंग उघडायला लागतं आणि खर्च वाढतो तो वेगळाच.

मोठ्या प्लॅनचं म्हणाल तर एका चांगल्या व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस लागतात, २० कॉल एकदम चालले तरी ८०. घोळ होतो तो कुणी शूटचं फुटेज अपलोडला टाकतं तेव्हा, अपलोड तुंबतो आणि सगळ्यांचे आवाज रोबोटसारखे येतात. राउटरमध्ये एसक्यूएम (एकाच्या अपलोडमुळे बाकीचे अडकू नयेत म्हणून रांग सांभाळणारं सेटिंग) असेल तर ते चालू करून लिमिट खऱ्या स्पीडच्या जरा खाली ठेवा. उरलेल्या पैशात दुसऱ्या कंपनीची बॅकअप लाइन घ्या, आणि यूपीएसवर राउटरबरोबर फायबरचा डबाही जोडा, तो हमखास विसरला जातो.

नाव हाईड करून कुणीही थांबत नाही, फुकटच्या अॅपमध्ये ते दिसतं, उलट लोकांचे फोन बाहेर गेल्यावरही ते नाव पुकारत फिरतात. डब्ल्यूपीए३ (वायफायचं नवं सुरक्षा सेटिंग) चालू करा, क्लायंट आयसोलेशन (एकाच्या डिव्हाइसला दुसऱ्याच्या डिव्हाइसपर्यंत पोचू न देणारं सेटिंग) लावा, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं ठेवा.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. राउटर प्रत्येक डिव्हाइसला एक आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) देतो, आणि घरगुती सेटिंगमध्ये असे पत्ते फार तर २५०च्या आसपास, आणि एकेक पत्ता बऱ्याचदा २४ तास अडकून राहतो. डे-पासवाला संध्याकाळी गेला तरी त्याचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत धरलेला. वर्कशॉपच्या दुसऱ्या दिवशी नव्या माणसाचा फोन नुसता "आयपी मिळवत आहे" म्हणत फिरत राहतो आणि सगळे राउटर रिस्टार्ट करत बसतात. लीज टाइम, म्हणजे पत्ता किती वेळ अडवून ठेवायचा ते, ४ तास करा, दोन मिनिटांचं काम आहे.