पिवळी मधमाशी आणि ताईची लिंक

माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच दंगा चालू आहे. २०२६-२७ पासून तिसरीच्या पोरांना एआय शिकवणार असं केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं, तेव्हापासून अर्धे म्हणतात जग कुठे चाललंय बघा नाहीतर मागे पडू, अर्धे म्हणतात पोरांना हातच्याची वजाबाकी येईना आणि हे एआय घेऊन बसलेत. मग कुणीतरी मला टॅग करतं, तुमच्या लंडनमध्ये कसंय गं? मी रेडिंगला राहते, लंडनला नाही, पण ते सोडा.

तर आमच्याकडे असंय. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या पोरांपासून कॉम्प्युटिंग सक्तीचं आहे. ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटायचं. मग लेकीच्या वर्गात मदतनीस पालक म्हणून जायला लागले तर वर्गात कॉम्प्युटर कुठे दिसेचना. जमिनीवर चौकटींची चटई आणि त्यावर बी-बॉट नावाची पिवळी-काळी मधमाशी, मोठ्या वाटीएवढी, पाठीवर सात बटणं. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, थांब, जा आणि एक फुली. पुढे एकदा दाबून जा केलं की पंधरा सेंटीमीटर सरकते. स्क्रीन नाही, काही नाही.

त्या दिवशी तिला किल्ल्याच्या चित्रापर्यंत न्यायचं होतं. पोरांनी बोटांवर मोजून बटणं दाबली, जा केलं, आणि मधमाशी किल्ला सोडून थेट रेडिएटरला धडकली. एक पोरगा म्हणाला, बिघडली. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं विचारलं, तुम्ही तिला काय काय सांगितलं होतं? दहा मिनिटं नुसती वादावादी. शेवटी एका पोरीच्या लक्षात आलं की आधीच्या गटाने सांगितलेलं मधमाशीच्या डोक्यात तसंच होतं, फुली दाबून ते पुसायचं राहिलं, म्हणून तिने आधी जुनं केलं आणि मग नवं. मी चौदा वर्षं कोडिंगवर पोट भरतेय आणि आदल्याच आठवड्यात ऑफिसात नेमक्या असल्याच चुकीपायी अर्धा दिवस घालवला होता. गप्प बसले.

पण इथे सगळं गोड आहे असं समजू नका. प्राथमिकला एकच बाई गणितापासून पीटीपर्यंत सगळं शिकवतात, त्यात हा विषय डोक्यावर आला तेव्हा कित्येकींना घाम फुटला. विषय आला २०१४ ला आणि शिक्षकांना तयार करायला ८.४ कोटी पौंडांचं सेंटर निघालं २०१८ ला. वरातीमागून घोडं इथेही असतंच.

आता माझी मावसबहीण, जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, चार वर्ग दोघांत. शाळेत कॉम्प्युटर आहे, लोकवर्गणीतून आलेला, वर टॉवेल पांघरलेला. बिल थकलं की लाईट जाते. मी विचारलं, ताई, तिसरीला एआय आलं तर काय करशील? ती म्हणाली, "अगं मी दिवसभर डिजिटलच असते. आत्ता एक लिंक आलीय, पाचच्या आत भरायची. पोषण आहाराची माहिती वेगळी, यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदींची, वेगळी, कार्यक्रमाचे फोटो वेगळे. पोरं बसलीत शुद्धलेखन काढत."

म्हणून मला ग्रुपवरची भांडणं ऐकून कंटाळा येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावीपासून होतं, आता एआय तिसरीवर आलंय, उद्या बालवाडीत येईल, पण इयत्तेच्या आकड्यावर भांडून काय होणार? सूचना देणं आणि आपली चूक शोधणं सहा वर्षांच्या पोराला कळतं, मी डोळ्याने बघितलंय, आणि त्याला महागडी लॅबसुद्धा लागत नाही. लागतो तो बाईंचा मोकळा तास. तुम्ही काय सांगितलं होतंत, एवढं विचारून दहा मिनिटं गप्प बसायची मुभा. ज्या बाईंच्या मोबाईलवर दर तासाला लिंक येते त्यांनी ते कधी करायचं? माझं मत विचाराल तर आधी वर्षभर त्या लिंका बंद करा, माहिती भरायला वेगळा माणूस द्या, मग आणा काय आणायचं ते. आणि सहा वर्षांचं पोर ॲप बनवून करोडपती होतं असल्या जाहिराती बघून क्लासची फी भरणाऱ्या माझ्या भावांनो, तुमच्याबद्दल नंतर बोलू.

मधमाशीचा किस्सा ताईला सांगितला होता. परवा तिचा व्हिडिओ आला. शाळेच्या व्हरांड्यातली शहाबादी फरशी हीच चटई, एक पोरगा मधमाशी, बाकीचे ओरडून हुकूम देतायत, दोन फरश्या पुढे, उजवीकडे वळ, तीन पुढे. एका ठिकाणी वळ म्हणायचंच राहिलं आणि पठ्ठ्या भिंतीला नाक लावून उभा, हलायलाच तयार नाही. मागून ताईचा आवाज येतो, "काय सांगितलं होतंत रे त्याला?" आणि तेवढ्यात तिचा फोन वाजतो.