स्कॅन झाल्यावर पोथीचे काय?

2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर झाली आणि एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन हे उद्दिष्ट ठरले. तेव्हापासून पुण्याच्या मित्रांशी बोलताना एक वाद हटकून निघतो: एकदा स्कॅन झाले, की मूळ पोथीला हात लावायचे कारणच काय? ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात तेराव्या शतकातील लॅटिन तर्कग्रंथ पाहिल्यापासून मला हा निकाल घाईचा वाटतो.

रोमन तत्त्ववेत्ता बोएथियस याने लॅटिनमध्ये आणलेले ॲरिस्टॉटलचे ग्रंथ हा त्या काळी विद्यापीठांतील तर्काभ्यासाचा पाया होता. अशा पुस्तकात मजकुराचा पट्टा अरुंद आणि समास ऐसपैस असतो, कारण टिपांना जागा हवी असे. कडेला टोच्याने पाडलेली भोके, त्यांच्या आधाराने शिशाने आखलेल्या रेघा, मायफळ आणि हिराकस यांची आता तपकिरी पडलेली शाई. चर्मपत्राची केसांकडची बाजू पिवळसर आणि बारीक ठिपक्यांची, तर मांसाकडची फिकट. पाने अशी जुळवीत, की पुस्तक उघडल्यावर समोरासमोर एकाच जातीच्या बाजू याव्यात. जिथे हा नेम मोडतो, तिथे एखादे पान गळाल्याचा संशय घ्यावा लागतो, आणि तर्कग्रंथात पान गळणे म्हणजे युक्तिवादाची पायरीच निखळणे. सपाट प्रकाशात एकेक पान टिपलेल्या छायाचित्रात हा फरक पुष्कळदा पुसट होतो, शिवण तर बहुधा दिसतच नाही.

स्कॅनचे मोल मी नाकारत नाही. केंब्रिजच्या पार्कर ग्रंथालयाची हस्तलिखिते 2018पासून कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. युरोपातले सगळेच शहाणे होते असेही नाही: नवी बांधणी करताना जुन्या बांधणीकारांनी समास छाटून कित्येक टिपा अर्ध्यावर तोडल्या.

शिवाय पोथीकडे वस्तू म्हणून पाहण्याची ही दृष्टी आपल्याला परकी नाही. भांडारकर संस्थेच्या जुन्या वर्णनात्मक सूचींत पत्रांची लांबी-रुंदी, पानावरील ओळी, ओळीतील अक्षरे, कागदाची जात, इतकेच काय, चुकीवर फासलेला पिवळा रंगसुद्धा नोंदलेला आढळतो. कोटीच्या आकड्याने हुरळलेल्या चर्चेत हे काम कोणाच्या तोंडी नसते. मोहिमेने प्रत्येक स्कॅनसोबत अशी नोंद सक्तीची करावी, आणि ती करू शकणारे सूचीकार कॅमेऱ्यांच्या आधी, कायम पगारावर नेमावेत.