रुमाल काढा

"रुमाल काढा," कारकून म्हणाला आणि मी खिशातला काढून त्याच्यापुढे धरला.

अख्खी रेकॉर्ड रूम हसली. जुनी दप्तरं ज्या कापडात बांधतात त्याला रुमाल म्हणतात आणि साहेब शिपायाशी बोलत होते, हे मला कुणी सांगायचं? चार दिवस झाले, ते हसू अजून कानात आहे.

आमच्या घरात सांगतात की खापरपणजोबांनी 1897 साली कलेक्टराच्या थोबाडीत मारली आणि त्यापायी त्यांचा जीव गेला. त्याच वर्षी 22 जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, त्यामुळे गोष्टीला वजन येतं. तसा प्रत्येक घरात एक तरी पूर्वज इंग्रजाला बडवतोच. त्या सगळ्या थोबाडीत खऱ्या असत्या तर गोरे तेव्हाच गाल चोळत बोटीत बसले असते. पण बायकोच्या माहेरचा छापील कुलवृत्तांत आहे, चांगला जाडजूड, आणि तो दर दिवाळीला माझ्यापुढे येतो. म्हणून मी कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, बघायला तालुक्याला गेलो.

अर्जात 'प्रयोजन' असा रकाना होता. मी 'आवड' लिहिलं. कारकुनाने ते खोडलं. "आवड चालत नाही. जमीन, कोर्ट, शाळा, काहीतरी धड लिहा."

बाकावर शेजारी टोपीवाले आजोबा तंबाखू मळत बसले होते.

"जमीन गेली का?"

"नाही."

"भावकीत वाद?"

"नाही हो."

"मंग पोराचं ॲडमिशन?"

"नाही. सहज. खापरपणजोबा कोण होते ते बघायचंय."

आजोबांचा अंगठा थांबला. बराच वेळ माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "घरी सगळं बरं हाय ना?"

मग त्यांनी ही बातमी पलीकडच्या बाकालाही दिली. "पाव्हणं रजा टाकून आल्यात. सहज!" तिथून दोघे मला बघायला उठून आले.

आजोबांना स्वतःच्या सात पिढ्या तोंडपाठ. कागद बघायचीही गरज नाही. तरी तिसऱ्यांदा हेलपाटा, कारण नातवाच्या दाखल्याला कुणबी नोंद हवी आणि त्यांच्या पणज्याच्या नावापुढे नुसतं 'कु' आहे. पुढचं वाळवीने खाल्लं. माणूस समोर बसून वंशावळ म्हणतोय आणि सरकारला साक्ष हवी ती वाळवी लागलेल्या कागदाची! त्या खोलीचं छत गळतंय, रुमाल भिजून काळे पडलेत, आणि फोटो काढायचा नाही म्हणून पाटी मात्र नवी कोरी.

माझी नोंद सापडली. मोडीत. आडनाव नाही, नुसतं अमका बिन तमका. मला काय कपाळ कळणार! आजोबांनी पानामागे पैसे ठरवून मोडी वाचणारा आणला होता, तो दया येऊन मला उसना दिला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, बोट फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "मृत्यूचे कारण, हगवण."

यावेळी कुणी हसलं नाही. आजोबांनी चिमूट दाढेखाली सरकवली.

"थोबाडीत मारल्यावर लागली," त्यांनी आपुलकीने विचारलं, "का आधीपासनंच होती?"