ऑपरेशन झालेल्या नाकाला ऊन दाखवू नका

आमच्या दादरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीचं पंधरा दिवसांपूर्वी नाकाचं ऑपरेशन झालं. पडदा वाकडा होता, रात्री श्वास अडायचा. पडदा सरळ करताना बाहेरच्या हाडालाही आकार द्यावा लागला. ती घरी आली त्याच संध्याकाळी इमारतीच्या ग्रुपवर एक मेसेज आला, आणि नंतर तोच मला आणखी तीन ठिकाणांहून आला. मेसेज असा:

‘नाकाचं ऑपरेशन झालेल्यांनी रोज सकाळी अर्धा तास नाकावर कोवळं ऊन घ्यावं. टाके लवकर वाळतात, सूज उतरते, ड जीवनसत्त्वामुळे हाड झटपट जुळतं. आपल्या सावळ्या त्वचेला सनस्क्रीन लागत नाही, ते गोऱ्यांसाठी आहे. पावसाळ्यात तर ऊनच नसतं. सुश्रुतांनी नाकं जोडली तेव्हा कुठे होतं सनस्क्रीन?’

ज्या काकूंनी तो पाठवला त्यांनी मायेपोटीच पाठवला. चार वर्षांपूर्वी माझंही असंच ऑपरेशन झालं होतं, आणि अशाच मायेच्या सल्ल्यावरून मी रोज गॅलरीत ऊन खात बसले होते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

टाके वाळण्याचं आधी. वाळवणाला ऊन दाखवतात, जखमेला नाही. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरच्या जखमांवर प्रयोग करून दाखवलं की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्यावर वाळू दिलेल्या जखमेपेक्षा खूप लवकर नव्या त्वचेने भरते. डॉक्टर टाक्यांना मलम आणि नाकात सलाईनचे थेंब देतात ते याचसाठी. खपली कडक झाली की ओढली जाते, आणि रक्त येतं.

सूज उतरते म्हणणं तर थेट उलटं आहे. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्या भागात रक्त जास्त येतं आणि सूज वाढते. म्हणून तर पहिल्या दिवसांत गार शेक देतात आणि उशी उंच घेऊन झोपायला सांगतात. अशा ऑपरेशननंतर नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण जायला वर्षसुद्धा लागू शकतं. शिवाय एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. हाडावरून त्वचा उचलावी लागते, त्यामुळे काही आठवडे, कधी महिने, नाक बधिर असतं. हात लावला तर दुसऱ्या कुणाच्या नाकाला लावल्यासारखं वाटतं. एरवी ऊन चटका देऊन आपल्याला सावलीत पळवतं. बधिर नाक तो इशारा देतच नाही, आणि भाजल्याचं संध्याकाळी आरशात कळतं.

ड जीवनसत्त्व हाडांना लागतं, यात शंका नाही. पण ते त्वचेत कुठेही बनतं आणि रक्तातून सगळीकडे पोचतं. त्यासाठी हात-पाय आहेत, पाठ आहे, नाक कशाला पुढे करायचं? त्यात ते बनवणारे अतिनील-ब किरण सूर्य वर चढल्यावर भरपूर मिळतात, सकाळच्या कोवळ्या उन्हात फारच थोडे. काचेआड बसणाऱ्यांचं नुकसान दुहेरी आहे. साधी काच अतिनील-ब जवळजवळ सगळे अडवते आणि त्वचा काळवंडवणारे अतिनील-अ बरेचसे आत सोडते. म्हणजे जीवनसत्त्व मिळत नाही आणि डाग मिळतो. कमतरता असेलच तर रक्त तपासून डॉक्टर गोळ्या देतात.

आता सावळ्या त्वचेचा मुद्दा. हा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण मी सावळी आहे आणि हेच वाक्य ऐकून मी निर्धास्त राहिले. आपल्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं, त्यामुळे ती उशिरा भाजते, हे खरं. पण अगदी गडद त्वचेचं नैसर्गिक संरक्षणही सनस्क्रीनच्या मापात, म्हणजे एसपीएफमध्ये, साधारण १३ च्या आसपासच भरतं, आपल्यातल्या बहुतेकांचं त्याहून कमी. आणि ऑपरेशननंतर खरा प्रश्न भाजण्याचा नसतोच, डाग पडण्याचा असतो. जिथे जखम झाली, सूज आली, रक्त साकळलं, तिथल्या रंगपेशी आधीच चेतवलेल्या असतात. त्यांना ऊन मिळालं की त्या रंग ओतत राहतात. गोऱ्या माणसाचा वण लाल राहतो, आपला काळा पडतो, आणि तो काळेपणा जायला महिनोन्‌महिने घेतो. मेलॅनिन जास्त म्हणजे हा धोकाही जास्त. माझ्या डोळ्यांखालची निळी-जांभळी झाक दोन आठवड्यांत जायला हवी होती. तिच्या जागी तपकिरी पट्टे राहिले ते पुढच्या दिवाळीपर्यंत. दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर काही मिलिमीटरचा छेद होता, तोही काळा पडला.

सावळ्या त्वचेबद्दल आणखी एक. आपल्याकडे अतिनीलच नव्हे, डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही डाग गडद करतो. त्याला लोहाची ऑक्साइडं घातलेलं टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाचं, सनस्क्रीन उपयोगी पडतं. झिंकच्या सनस्क्रीनने चेहरा पांढरट, राखाडी दिसतो म्हणून अनेक जणी ते लावतच नाहीत. टिंटेडमध्ये ती अडचणही बरीच कमी होते.

पावसाळ्याबद्दल. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो. एक शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर, आणि दुसरा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन पावसात. ढगांमुळे तो आपल्याला दिसत नाही, एवढंच. पातळ ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर अतिनील निर्देशांक ३ झाला की संरक्षण घ्यावं आणि ११ म्हणजे अतितीव्र. मुंबईत एप्रिल-मेच्या दुपारी तो ११ च्या पुढे जातो. चौपाटीवर छत्री धरूनही पूर्ण सुटका नाही. कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि लाटांचा फेस २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, तेही खालून, नेमके त्या नाकपुड्यांमधल्या छेदावर.

राहिले सुश्रुत. त्यांचा अभिमान मलाही आहे. पुण्याकडच्या एका माणसाचं कापलेलं नाक कपाळाच्या त्वचेने पुन्हा बसवल्याची हकिगत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली, तेव्हा युरोप ही विद्या आपल्याकडून शिकला. पण सुश्रुतसंहितेत नाक जोडल्यावर काय करायचं तेही लिहिलेलं आहे: औषधी चूर्ण टाकून, वर पांढरा कापूस नीट ठेवून, तो तिळाच्या तेलाने पुन्हा पुन्हा भिजवावा. म्हणजे झाकायचं आणि ओलं ठेवायचं. उन्हात वाळवायचं नव्हे.

मग करायचं काय? स्प्लिंट (नाकावरचा कडक आधार) आणि टेप असेपर्यंत दुपारचं बाहेर पडणं टाळा. घामाने टेप सुटते. उघड्या जखमेवर किंवा टाक्यांवर सनस्क्रीन लावू नका. जखम पूर्ण मिटल्यावर, तुमच्या सर्जननी हो म्हटल्यावरच सुरू करा. एसपीएफ ३० अतिनील-ब सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८, म्हणून आकड्यापेक्षा पुरेसं लावणं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावणं महत्त्वाचं. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून लागतं. चोळू नका, हलक्या हाताने टिपत लावा. वण पिकायला वर्ष लागतं, तोवर हे सोडू नका. हाडाला हात लावला असेल तर साधारण ४ ते ६ आठवडे गॉगल किंवा चष्म्याचा भार नाकावर चालत नाही, म्हणून मोठ्या काठाची टोपी किंवा छत्री.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी सोमवारपासून अंधेरीला ऑफिसला जाणार आहे. सकाळी गाडी उत्तरेकडे जाते, ऊन पूर्वेचं, म्हणजे उजव्या खिडकीतून येतं. संध्याकाळी गाडी दक्षिणेकडे येते, ऊन पश्चिमेचं, म्हणजे पुन्हा उजवीकडूनच. मी तिला सांगितलंय, जाता-येता डावीकडे बस.