तीस रात्रींची मुभा आणि कोथरूडचा बंद फ्लॅट

गेल्या महिन्यात पुण्याहून आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सूचनापत्र आले. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे असा ठराव येणार आहे की कोणत्याही सभासदाने आपली सदनिका एक-दोन दिवसांच्या पाहुण्यांना भाड्याने देऊ नये. चोवीस सदनिकांच्या आमच्या कोथरूडमधील जुन्या इमारतीत दोन सदनिका सध्या ॲपवरून अशा दिल्या जातात आणि तिसरी आमची असावी, असा माझ्या पुतण्याचा आग्रह आहे. आई गेल्यापासून ती बंद आहे. सहमालकांपैकी दादा बंगळुरूला आणि मी ॲमस्टरडॅमला. कायमच्या भाडेकरूकडून महिन्याला जेवढे भाडे येईल तेवढे बारा-पंधरा रात्रींत सुटते, हे पुतण्याचे गणित मी तपासून पाहिले आणि त्यात मला चूक सापडली नाही.

सूचनापत्रानंतर इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर जे वाद झाले ते मी ॲमस्टरडॅमला बसून वाचले. एका बाजूचे म्हणणे, अविवाहित जोडपी येतात, रात्री दोनला लिफ्ट वाजते, गच्चीवर बाटल्या सापडतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, घर माझे, कर्जाचे हप्ते मी भरले, मग पाहुणा कोण हे ठरवणारी कमिटी कोण? दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या, पण बोलत होत्या ते येणाऱ्या माणसाविषयी. ॲमस्टरडॅममध्ये हा वाद मी अनेक वर्षे ऐकते आहे आणि तिथे पाहुण्याचे लग्न झाले आहे का, असा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. तिथला प्रश्न असा असतो की या घरात एरवी कोण राहिले असते.

हे मी त्रयस्थपणे सांगत नाही, कारण मी स्वतः तिथे घर भाड्याने देते. शहराच्या पूर्व भागात तिसऱ्या मजल्यावर, शिडी म्हणावे इतक्या उभ्या जिन्याच्या इमारतीत आमचे घर आहे आणि आम्ही भारतात येतो तेव्हा ते पर्यटकांना देतो. त्यासाठी महापालिकेचा नोंदणी क्रमांक लागतो, परवाना लागतो, प्रत्येक पाहुणा येण्यापूर्वी तसे कळवावे लागते आणि एका वेळी चारांपेक्षा जास्त माणसे ठेवता येत नाहीत. शहराच्या बहुतेक भागांत वर्षाला ३० रात्रींची मर्यादा आहे. २०१९ पूर्वी ती ६० होती. सर्वांत महत्त्वाची अट अशी की ते घर तुमचे राहते घर असले पाहिजे, म्हणजे पालिकेच्या लोकसंख्या नोंदवहीत तुमचा पत्ता तोच हवा. गृहनिर्माण महामंडळाच्या स्वस्त भाड्याच्या घरात राहणाऱ्याला ही मुभाच नाही. शिवाय घरकर्ज देणाऱ्या बँकेची संमती आणि आपल्या सोसायटीसारखाच असणाऱ्या सदनिकाधारकांच्या संघाची संमती. पाहुण्याच्या देयकावर साडेबारा टक्के पर्यटन कर आणि खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचा ७० टक्के भाग आपल्या करपात्र उत्पन्नात. मागच्या खेपेस सतरा रात्री दिल्यानंतर हातात उरले त्यात आमच्या दोघांच्या पुण्याच्या तिकिटांचा खर्च जेमतेम निघाला. एवढे कागद भरून हाच फायदा का, असे दादाने विचारले. माझे उत्तर असे होते की जोडउत्पन्न म्हणतात ते एवढेच असायला हवे.

ही कडक व्यवस्था एका दिवसात आली नाही आणि ती बिनचूकही नाही. २०२० मध्ये पालिकेने शहराच्या मध्यभागातील तीन वस्त्यांत अशी भाडी पूर्ण बंद केली, तेव्हा पुढच्या वर्षी न्यायालयाने ती बंदी कायद्यात बसत नाही म्हणून रद्द केली. माझा स्वतःचा विचार बदलला तो मात्र आमच्या खालच्या मजल्यावरील बाईंमुळे. त्या या जिन्यावर चाळीस वर्षे राहिल्या. एका उन्हाळ्यात त्यांनी मला सांगितले की जिन्यावरच्या सहा घरांपैकी तीन घरांत आता रोज नवे चेहरे असतात आणि रुग्णालयात जाताना घराची जादा किल्ली कोणाकडे ठेवावी हे त्यांना कळत नाही. खाली सायकलींच्या कठड्याला आकडे फिरवून उघडणाऱ्या किल्लीपेट्या लटकलेल्या होत्या, त्यांतली एकही त्यांच्या उपयोगाची नव्हती. कोथरूडच्या आमच्या घराची किल्ली समोरच्या काकूंकडे असते. त्या दर शनिवारी खिडक्या उघडतात आणि पावसाळ्यात भिंतीला ओल आली तर फोटो पाठवतात.

पाहुणा घरात ठेवणे ही आपल्याकडे काही ॲपने आणलेली गोष्ट नव्हे. आईने निवृत्तीनंतर माझ्या खोलीत दोन विद्यार्थिनी कॉट बेसिसवर ठेवल्या होत्या, एक लातूरची आणि एक कोल्हापूरची. त्या भाड्यावर तिची औषधे निघत आणि कमिटीने कधी अवाक्षर काढले नाही, कारण रात्री दहानंतर आवाज झाला तर आधी आईच उठत असे. तारकर्ली-देवबागला हेच मोठ्या प्रमाणावर दिसते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवास व न्याहारी योजना आली आणि अनेक कुटुंबांनी पडवीशेजारी दोन खोल्या बांधल्या. माशांचे जेवण घरची बाई रांधते आणि पैसा तिच्या हाती येतो. असे घर आणि आमचा बंद फ्लॅट एकाच ठरावाखाली चिरडणे मला अन्यायाचे वाटते. ॲमस्टरडॅमनेही हा भेद केला आहे: मालक घरात राहून घराचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग पाहुण्यांना देत असेल, तर त्यासाठी वेगळा परवाना आहे आणि ३० रात्रींचा नियम त्याला लागत नाही.

उलट गोव्यात आसगाव-शिवोलीच्या बाजूला मालक दुसऱ्या शहरात, किल्ली केअरटेकरकडे आणि कपडे धुणारा तिसऱ्याच गावचा, अशी घरे मी पाहिली आहेत. तिथे पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. पण नोंदणी म्हणजे कोण किती खोल्या देतो याची वही. म्हापशाला नोकरी करणाऱ्या मुलाला त्या वहीमुळे भाड्याचे घर मिळत नाही.

पुतण्याचा प्रतिवाद मात्र सहज उडवून लावण्यासारखा नाही. तो म्हणतो, पुणे म्हणजे ॲमस्टरडॅम नव्हे, इथे घरे कमी नाहीत, बंद आहेत. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांवर घरे रिकामी आढळली होती, हे त्याने मला पाठवले. बंद घरातून पर्यटकाची दोन दिवसांची सोय होत असेल तर नुकसान कोणाचे? मला वाटते, ती घरे बंद का आहेत हे आधी पाहायला हवे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, भाडेकरू घर सोडेना, पागडी आली, आणि आमच्या आईवडिलांच्या पिढीने एक धडा पक्का केला की भाडेकरू ठेवला म्हणजे घर गेले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला असेल, तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट रक्कम मागता येते. तरी भीती जुन्याच कायद्याची शिल्लक आहे. दोन रात्रींचा पाहुणा आपल्याला आवडतो त्यात पैशाइतकाच वाटा या भीतीचाही आहे, कारण तो नक्की जाणार असतो.

म्हणून मी सचिवांना लेखी दुरुस्ती सुचवली आहे. जो सभासद स्वतः सदनिकेत राहतो त्याला पाहुणे ठेवता यावेत, आणि तो गावाला गेला असेल तर वर्षात ठरावीक रात्रींपुरती सदनिका देता यावी, मात्र प्रत्येक वेळी संस्थेला कळवून. जो तिथे राहतच नाही त्याने बिनवापर शुल्क भरून भाडेकरू ठेवावा, नाहीतर घर बंद ठेवावे. या दुरुस्तीने इमारतीतील ज्यांची सोय संपते त्यांत पहिले नाव आमचे आहे, हे पुतण्याने मला लगेच दाखवून दिले. ॲमस्टरडॅमच्या घरात मी नियमात बसते आणि कोथरूडच्या घरात बसत नाही, कारण पहिल्यात मी राहते आणि दुसऱ्याची केवळ मालकीण आहे.

दादा अजून काही बोललेला नाही. भागपत्रावर त्याचे नाव पहिले असल्याने आमच्या सदनिकेचे एकच मत आहे आणि ते देण्याचा अधिकार त्याचा आहे. सभेसाठी त्याने पुण्याचे तिकीट काढले आहे आणि दोन रात्री घर उघडून ठेवायला काकूंना सांगितले आहे.