खरूज आणि मेडिकलवाल्याचा गळा

मेडिकलवाल्याच्या गळ्याला आवाज कमी करायचं बटण का नसतं? चिठ्ठी मी मुकाट्याने सरकवली होती. त्याने वाचली आणि अमळनेरच्या भर बाजारात पुकारा केला, "पर्मेथ्रिन पाच टक्के! खरूज कोणाला झालीय?"

गर्दी मागे सरकली. पांढऱ्या टोपीतले एक आप्पा तेवढे पुढे आले. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून, हात न लावता, माझ्या बोटांच्या बेचक्यांत डोकावले.

"रातले जास्त येस का?"

"हो."

"कंबरले बी?"

कंबरेचं मी दुकानात सांगणार नव्हतो.

"मंग शे!" आप्पांनी दुकानाला निकाल ऐकवला. "गंधक आन खोबरेल तेल लाव भाऊ. मन्हा धाकलाले बी व्हयेल व्हती." मग धाकल्याची हकिकत, धाकल्याच्या सासरची, सासरच्या केळीची आणि केळीला न मिळालेल्या भावाची. तोवर मी जरा मनगट खाजवलं तर केवढ्याने ओरडले! हौसेनेच खाजवत होतो ना मी.

चीड याची, की म्हातारा बरोबर होता. गंधकाचं मलम खरुजेवर खरंच चालतं. आणि फी घेऊन डॉक्टरांनीही हेच दोन प्रश्न विचारले होते.

अर्ध्या मिलिमीटरहून लहान किडा. मादी कातडीत बोगदा खणून अंडी घालते. अख्ख्या अंगावर अशा जेमतेम दहा-पंधरा, आणि झोप उडते सगळ्या घराची. 1687 साली बोनोमो नावाच्या इटालियन डॉक्टरने हा किडा भिंगाखाली पाहून चित्रासकट मांडला. तरी शेजारच्या काकू विचारतात, "आंघोळ करता ना रोज?" करतो हो! कातडीला कातडी बराच वेळ लागली की रोज आंघोळ करणाऱ्यालाही होते.

उपचार तर खास खान्देशच्या मे महिन्यासाठीच शोधलेला असावा. मानेपासून तळपायापर्यंत क्रीम थापायचं, रात्रभर ठेवायचं, आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी, एकाच रात्री. त्या रात्री लाइट गेली. बायको म्हणाली, "मला कुठे खाजतंय?" पहिल्या खेपेला चार-सहा आठवडे काही कळतच नाही, हे डॉक्टरांचं वाक्य मी म्हणून दाखवलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तुम्हीच आणली." चादरी, टॉवेल, कपडे गरम पाण्यात, धुता न येणारं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचं. सासूबाईंनी दिलेली गोधडी पिशवीत गेली, त्यावरही बोलणी खाल्ली.

किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे रेंगाळते. लोकांना ती खाज दिसते, मेलेले किडे दिसत नाहीत. परवा मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, हळदीला नक्की या. तुमची सोय लॉजवर केलीय." बाकीचं वऱ्हाड कुठे उतरणार, विचारलं. म्हणाला, "घरीच."